मुलाच्या वतीने दाद कोण मागणार?

18 ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात, सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, काम करू लागलं. या बेंचसाठी झालेल्या चार दशकांच्या आंदोलनात चर्चा झाली ती मुख्यतः वकील आणि पक्षकारांच्या हेलपाट्यांची. मुलांचा विषय फारसा निघाला नाही. खरं तर त्याच्या कक्षेतल्या सहा जिल्ह्यांतल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट आहे. मूलभूत हक्क डावलला गेला, तर घटनेच्या 226व्या कलमाखालची रिट याचिका आता मुंबई न गाठता दाखल करता येते.

कोल्हापूरला मुलांसाठीचे कायदे नवे नाहीत. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. 1919 मध्ये अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांच्या शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. त्या काळात हे किती धाडसाचं होतं, हे वेगळं सांगायला नको. तरी या कायद्यांचा भार पालकाच्या कर्तव्यावर आणि दरबाराच्या इच्छाशक्तीवर होता. राजा पाठीशी होता तोवर मूलही सुरक्षित होतं.

1 मार्च 1949 रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढच्या वर्षी राज्यघटना आली. 14 वर्षांपर्यंतचं शिक्षण दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं करावं, असं तिच्या 45व्या कलमात होतं. पण ते मार्गदर्शक तत्त्व; त्याच्या आधारे न्यायालयात जाता येत नव्हतं. म्हणजे संस्थानात ज्यासाठी पालकाला दंड होत होता, तीच गोष्ट प्रजासत्ताकात बराच काळ नुसती अपेक्षा राहिली. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात शिक्षण हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला, 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षणाला मूलभूत हक्क करणारं कलम 21-अ आलं आणि 1 एप्रिल 2010 पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला.

जातीवरून होणाऱ्या अन्यायाबाबत कायदा त्यामानाने लवकर जागा झाला. 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा 1976 मध्ये कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असं नाव दिलं गेलं. अस्पृश्यतेपोटी शाळेत किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारणं हा त्यात गुन्हा आहे. त्यातलं 12वं कलम मला फार मोलाचं वाटतं. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालय गृहीत धरतं. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. वर्गात वेगळं बसवलेल्या आठ वर्षांच्या मुलीने गुरुजींच्या मनातला हेतू कसा सिद्ध करायचा? हा भार तिच्यावर पडत नाही. 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा याच्या पुढचा, अधिक कठोर.

पण दाद मागायची कोणी? अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालच्या, मुलाला स्वतःच्या सहीने दावा लावता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार त्याच्या वतीने ‘वादमित्र’ उभा राहतो, बहुधा आई किंवा वडील. घरच्यांनी त्या वेळी हालचाल केली नाही, तरी मुदत कायद्याचं सहावं कलम मुलाचं दार बंद करत नाही. मूल सज्ञान झाल्यावर मुदत मोजायला सुरुवात होते, मात्र ही वाढीव सवलत तीन वर्षांपलीकडे जात नाही. वकिलाच्या फीचं काय? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे मुलाला मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी घरचं उत्पन्न पाहिलं जात नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करावा लागतो. ही एवढी गोष्ट प्रत्येक शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवायला हवी.

भारताने 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला. पुढे 2005 च्या कायद्याने बालहक्क संरक्षण आयोग आले. चौकशी करताना त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार असतात, पण चौकशीनंतर ते शिफारस करू शकतात किंवा उच्च न्यायालयाकडे दाद मागू शकतात, स्वतः शिक्षा देऊ शकत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याखालची तक्रार आधी स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे इथे महानगरपालिका किंवा जिल्हा परिषद यांच्याकडे करायची. त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची. त्यावरचं अपील राज्य आयोगाकडे.

या तीन महिन्यांतच खरी अडचण आहे. जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांसाठी बीडकडून ऊसतोड टोळ्या येतात आणि मुलं फडाजवळच्या कोप्यांवर, म्हणजे तात्पुरत्या झोपड्यांत, राहतात. स्थलांतरितांच्या मुलांना शाळेत दाखल करून घेणं ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे, असं शिक्षण हक्क कायद्याचं नववं कलम सांगतं. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही याच कायद्यात आहे. पण गळीत हंगाम असतो चार-पाच महिन्यांचा. नोव्हेंबरात दिलेल्या तक्रारीचा निकाल फेब्रुवारीत लागला, तर टोळी परतीच्या तयारीत असते आणि मुलाचं वर्ष गेलेलं असतं. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मुलाला वर्गात बसू द्या, असा अंतरिम आदेश उच्च न्यायालय देऊ शकतं. आणि हे न्यायालय आता फडापासून एसटीच्या अंतरावर आहे.