हिवाळी चाकं आणि ‘कुठलाही सेन्सर चालतो’ हा गैरसमज
जर्मनीत ऑक्टोबर आला की आपल्या लोकांत एक सल्ला फिरतो: हिवाळी चाकांना (थंडीच्या टायरचा वेगळा संच) टायरमधली हवा मोजणारे स्वस्तातले कुठलेही सेन्सर बसवा, गाडी आपोआप ओळखते. तसं नाही.

प्रत्येक सेन्सरला स्वतःचा क्रमांक असतो आणि गाडी नोंद झालेल्या क्रमांकांचंच ऐकते. काही गाड्या थोडं चालवल्यावर नवे क्रमांक स्वतः शिकतात, काहींना उपकरण लावून शिकवावं लागतं. मला सोयीचा वाटतो तो तिसरा मार्ग: जुने क्रमांक नव्या सेन्सरमध्ये उतरवून घ्यायचे, म्हणजे गाडीला फरकच कळत नाही. फक्त काढलेली चाकं डिकीत ठेवून फिरू नका, दोन्ही संचांतल्या सेन्सरचे संदेश एकमेकांत मिसळतील. शिवाय युरोपात हे सेन्सर ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर संदेश पाठवतात. अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे सेन्सर ३१५ चे, ते इथे निरुपयोगी.

पण खरेदीआधी हे नक्की तपासा. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या कारला टायरमधल्या कमी हवेची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे, चाकातला सेन्सर नव्हे. अनेक गाड्या एबीएसकडून (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्याचा वेग घेऊन कमी हवा ओळखतात. तुमची गाडी तशी असेल, तर एकही सेन्सर घेऊ नका. थंड टायरमध्ये योग्य हवा भरा आणि यंत्रणा रीसेट करा.