‘आय विल’ चूक नाही

इंग्रजी भविष्यकाळात ‘आय, वी’पुढे ‘शॅल’ आणि बाकी सगळ्यांपुढे ‘विल’, हा तक्ता आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घोकून घेतला गेला. त्यापायी ‘आय विल गो’ लिहिणाऱ्या मुलाचा गुण कापणे हा सरळ अन्याय आहे; ते वाक्य शुद्धच आहे. हा भेद नियम म्हणून मांडला तो जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने, १६५३ मधल्या आपल्या लॅटिन व्याकरणात. स्कॉटलंड, आयर्लंड, अमेरिकेत लोक ‘आय विल’च म्हणत आले.

‘शॅल’ आज उरलाय तो ‘शॅल वी गो?’सारख्या विचारणेत आणि कायद्यात. आपल्या राज्यघटनेचे कलम ५२ पाहा: ‘देअर शॅल बी अ प्रेसिडेंट ऑफ इंडिया’. इथे ना ‘आय’, ना ‘वी’. हा ‘शॅल’ भविष्यकाळाचा नव्हे, बंधनाचा!