ट्रिग बॅगिंग

डोंगरमाथ्यांवर भूमापनासाठी उभारलेले खांब गाठायचे आणि प्रत्येक भेटीची नोंद ठेवायची, या छंदाला ब्रिटनमध्ये ट्रिग बॅगिंग म्हणतात. जिओकॅशिंगशी त्याचे जवळचे नाते आहे. फरक इतकाच, की जिओकॅशिंगमध्ये कोणीतरी मुद्दाम दडवलेला डबा जीपीएसच्या साह्याने शोधायचा असतो, तर येथे कोणी काही दडवलेले नसते. सरकारी कामासाठी रोवलेली वस्तू हेच शोधाचे लक्ष्य असते. अनेक ठिकाणी खांबापासून काही पावलांवर दगडांखाली डबाही ठेवलेला असतो आणि एकाच चढाईत दोन्ही नोंदी होतात.

हे खांब ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेने १९३५ मध्ये सुरू केलेल्या आणि १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या फेरसर्वेक्षणातले आहेत. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन ठाऊक असले की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, या तत्त्वावर सारा देश त्रिकोणांच्या जाळ्यात बांधायचा होता. त्यासाठी एका माथ्यावरून दुसरा माथा दिसणे आणि उपकरण दर वेळी त्याच बिंदूवर बसणे आवश्यक होते. मार्टिन हॉटिन यांनी आखलेला, वर निमुळता होत जाणारा सुमारे चार फूट उंचीचा चौकोनी खांब या गरजेतून आला. असे सुमारे साडेसहा हजार खांब उभे राहिले आणि त्यांचे साहित्य कित्येक ठिकाणी माणसांनी व घोड्यांनी वर नेले. खांबाच्या माथ्यावर पितळी चकती असते आणि तिच्यात १२० अंशांच्या अंतराने तीन खाचा असतात. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइट या उपकरणाचे तीन पाय या खाचांत नेमके बसत. बाजूच्या एका अंगावर क्रमांक कोरलेली धातूची पट्टी जडवलेली असते. भेट देणारा तोच क्रमांक टिपून घेतो, कारण खांबापर्यंत खरोखर पोहोचल्याची ती साधी खूण ठरते. स्कॉटलंडमध्ये काही खांब गोल व उंच आहेत. पुठ्ठ्याच्या नळीत काँक्रीट ओतून ते घडवले गेले आणि त्या नळ्या बनवणाऱ्या व्हेनेस्टा कंपनीच्या नावाचा अपभ्रंश होऊन त्यांना ‘व्हॅनेसा’ हे नाव पडले.

सगळे खांब शिखरांवर आहेत असे मात्र नाही. एक बेन नेव्हिसवर, म्हणजे ब्रिटनच्या सर्वोच्च माथ्यावर आहे, तर पूर्वेकडच्या सखल प्रदेशातला एक समुद्रसपाटीखाली आहे. काही शेतांच्या कडेला काटेरी झुडपांत बुडालेले असतात, आणि तेथे चढण नव्हे, तर जमीनमालकाची परवानगी हीच खरी अडचण असते. भेटीनंतर खांब शाबूत आहे, तडकला आहे, कलंडला आहे की नाहीसा झाला आहे हेही लिहिले जाते. या तपशिलामुळे हौशी नोंदवहीला यादीपलीकडची किंमत येते. उपग्रहाधारित मोजणीमुळे मूळ उपयोग संपल्यावर बहुतेक खांबांची निगा सरकारी कामातून सुटली. आता जीपीएसच हातात घेऊन लोक त्यांना भेटायला जातात. उरलेल्या सहा हजारांहून अधिक खांबांना भेट देण्याचे काम एका गिर्यारोहकाने २०१६ मध्ये पूर्ण केले.

अमेरिकेत शोधाची वस्तू लहान असते. खडकात वा काँक्रीटमध्ये बसवलेली हाताच्या तळव्याएवढी धातूची चकती, मध्यभागी त्रिकोण आणि काही चकत्यांवर मोडतोड केल्यास २५० डॉलर दंडाची ताकीद, असे तिचे रूप असते. शेजारच्या पूरक चकत्यांवरील बाण मुख्य खुणेकडे रोखलेले असतात. काही खुणांचे अक्षांश-रेखांश काटेकोर असतात, तर काहींचे केवळ नकाशावरून मोजलेले, त्यामुळे बरेच चुकलेले असतात. अशा वेळी यंत्र खिशात ठेवून जुन्या सर्वेक्षकाने लिहिलेले वर्णन वाचत, त्यातले झाड वा कुंपण आज कोठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. अशा सात लाखांहून अधिक खुणांची यादी जिओकॅशिंगच्या सर्वांत मोठ्या संकेतस्थळावर होती. तो विभाग २०२३ च्या सुरुवातीस बंद करण्यात आला.

भारतातील महात्रिकोणमितीय सर्वेक्षण याहून जुने आहे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे त्रिकोणांच्या जाळ्याची पहिली बाजू, मोजून ते सुरू केले आणि काम करीत उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर, म्हणजे भूरूपे दाखवणाऱ्या तपशीलवार नकाशावर, आजही सह्याद्रीतील अनेक माथ्यांपाशी मध्ये ठिपका असलेला छोटा त्रिकोण आणि त्यालगत उंचीचा आकडा छापलेला आढळतो.