कायद्याचा धडा कोणाच्या तासाला?

नववी-दहावीच्या पोरांना कायदा भेटतो तो इतिहासाच्या पुस्तकाला जोडलेल्या राज्यशास्त्रात, तोही पुस्तकाच्या शेवटी. परीक्षा तोंडावर आली की तो भाग भराभर उरकला जातो. विषय एकमेकांत गुंफून शिकवावेत हा विचार मात्र विदर्भाच्या मातीतलाच आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती भाषा, गणित, सामाजिक शास्त्रं बांधायचा आराखडा दिला. सूत कातता कातता धाग्याचा हिशेबही शिकायचा आणि कापसाचा भूगोलही. पण तेव्हा राज्यघटना नव्हती; ती १९५० साली लागू झाली आणि पुढे या आराखड्यावर चालणाऱ्या बुनियादी शाळा मागे पडत गेल्या. दोघांची गाठ पडायची राहून गेली.

ती पडली शाळेबाहेर, बांबूच्या बेटात. वनस्पतिशास्त्रात बांबू म्हणजे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र त्याला झाडांत मोजलं, म्हणून तोडायला-वाहून न्यायला वनखात्याचा परवाना आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने तोच बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणाऱ्या मालात धरला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडलं. वनक्षेत्राबाहेरचा बांबू २०१७ मध्ये एकदाचा झाडांच्या व्याख्येतून सुटला. विज्ञानाच्या मास्तरांना ठाऊक असलेली गोष्ट कायद्याला पटायला नव्वद वर्षं! हा धडा दोन्ही मास्तरांनी एकाच आठवड्यात घ्यावा असं मला वाटतं.

गणिताच्या तासाला सातबारा पुरतो. समजा, एकत्र हिंदू कुटुंबाची वडिलोपार्जित जमीन २ हेक्टर ४० आर. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, एक मुलगी. महाराष्ट्राच्या १९९४ च्या दुरुस्तीआधी मुलीला मिळायचा तो वडिलांच्या काल्पनिक हिश्श्याचा (मृत्यूच्या आधी वाटणी झाली असती तर त्यांना मिळाले असते त्या ६० आरांचा) चौथा भाग, म्हणजे १५ आर. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर तीही भावांसारखीच वाटेकरी, म्हणून ६० आर. अपूर्णांक सोपे आहेत. पोरीने घरी जाऊन बापाला सातबारा मागितला, की दुसऱ्या दिवशी शाळेत कोण येईल याची तयारी मात्र मास्तरांनी ठेवावी.