डावीकडचा ट्री नक्की कुणासाठी? प्रोसेस साइटच्या नेव्हिगेशनची पार्श्वभूमी

प्रोसेस डॉक्युमेंटेशनची, म्हणजे कंपनीत काम कसं करायचं ते लिहून ठेवलेली, कुठलीही साइट उघडा, इंट्रानेटवरची असो नाहीतर बाहेर पब्लिश केलेली, डावीकडे ट्री (फोल्डरात फोल्डर असा मेनू) आणि उजवीकडे पान हे ठरलेलंच. आणि त्या ट्रीवरून दर दोन-तीन वर्षांनी होणारं भांडणही ठरलेलं. रोलप्रमाणे (काम कोण करतो) लावायचा, फेजप्रमाणे (प्रोजेक्टच्या टप्प्यांनी) लावायचा, की स्टँडर्डच्या क्लॉजप्रमाणे, म्हणजे कलमांप्रमाणे? नवीन आलेल्यांना वाटतं हा यूआयचा, म्हणजे स्क्रीनच्या दिसण्याचा, प्रश्न आहे, मेनूचा रंग-बिंग बदलला की सुटेल. तसं नाहीये ते, भांडण जुनं आहे आणि वेबच्याही आधीचं आहे.

आधी बाइंडर होते. आयएसओ ९००० ही क्वालिटीच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डची मालिका १९८७ ला आली आणि ज्या १९९४ च्या आवृत्तीवर आपल्याकडच्या बऱ्याच आयटी कंपन्यांनी सर्टिफिकेट घेतलं तिच्यात ४.१ ते ४.२० असे वीस क्लॉज होते. क्वालिटी मॅन्युअलच्या बाइंडरला तेवढेच रंगीत टॅब, कारण ऑडिटर येणार, क्लॉजचा नंबर म्हणणार, आपण टॅब उलटून पान दाखवणार. कागदावर हे अगदी बरोबर चाललं होतं. मग इंट्रानेट आलं आणि कुणीतरी (कुणीतरी म्हणजे आम्हीच, प्रोसेस ग्रुपवाले) ते टॅब उचलून जसेच्या तसे डावीकडे लावले.

म्हणजे काय झालं बघा. टेस्टरला टेस्ट प्लॅनचं टेम्प्लेट हवंय. ते ४.१० मध्ये, कारण ४.१० म्हणजे इन्स्पेक्शन अँड टेस्टिंग. डिझाइन रिव्ह्यूची चेकलिस्ट ४.४ मध्ये, डॉक्युमेंटचा व्हर्जन नंबर कसा द्यायचा ते ४.५ मध्ये, आणि बग सापडल्यावर काय करायचं ते ४.१३ मध्ये, कारण स्टँडर्डच्या भाषेत बग म्हणजे नॉनकन्फॉर्मिंग प्रॉडक्ट. एका माणसाच्या एका दिवसाच्या कामाला चार फोल्डर, आणि एकाचंही नाव त्याच्या ओळखीचं नाही. त्यामुळे व्हायचं काय की लोक एकदा टेम्प्लेट शोधून आपल्या डेस्कटॉपवर ठेवायचे आणि पुढची तीन वर्षं तेच वापरायचे, साइटवर त्याचं व्हर्जन कुठल्या कुठे गेलेलं असायचं.

त्यात २००० साली आयएसओ ९००१ ची नवी आवृत्ती आली आणि वीस क्लॉज गेले, मागण्या ४ ते ८ या पाच सेक्शनमध्ये आल्या. डॉक्युमेंट कंट्रोल ४.५ चा ४.२.३ झाला, इंटर्नल ऑडिट ४.१७ चा ८.२.२ झाला. ज्यांनी फोल्डरची नावं, फाइलचे नंबर, पानापानावरचे क्रॉस-रेफरन्स सगळं क्लॉजवर बांधलं होतं त्यांना सगळंच परत करावं लागलं. सीएमएमवाल्यांचंही (सॉफ्टवेअर कंपनीची प्रोसेस किती पक्की ते लेव्हलमध्ये मोजणारं मॉडेल) फार वेगळं नव्हतं. पाच लेव्हल, १८ की प्रोसेस एरिया, म्हणून ट्रीला लेव्हल टू, लेव्हल थ्री अशा फांद्या, जसं काही डेव्हलपर सकाळी येऊन म्हणतो की आज जरा लेव्हल थ्रीचं काम करूया. आणि मग त्याच्या जागी सीएमएमआय आलं, एरियांची नावं आणि संख्या बदलली, परत तोच राडा.

डावा-उजवा भाग ही सवय मात्र वेगळीकडून आली. विंडोज ९५ च्या एक्सप्लोररने सगळ्यांच्या हाताला ती लावली, १९९७ ला मायक्रोसॉफ्टच्या एचटीएमएल हेल्पने, म्हणजे त्या सीएचएम फाइलींनी, पक्की केली. वेबवर तसं करायला तेव्हा फ्रेम्स होत्या, म्हणजे एकाच खिडकीत वेगवेगळी पानं दाखवणारे कप्पे, आणि फ्रेम्सचा मोठा लोचा म्हणजे आत कुठेही गेलात तरी वरचा पत्ता तोच राहायचा. बुकमार्क केलं तर होमपेज उघडायचं. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या यावर लिहिणाऱ्या जेकब निल्सनने डिसेंबर १९९६ मध्येच फ्रेम्सविरुद्ध लिहून ठेवलं होतं, पण प्रोसेस साइटवाले ऐकतात कसले. आम्ही मेलमध्ये लिंक न देता रस्ता लिहायचो: डावीकडे तिसरं फोल्डर उघड, त्यात खालून दुसरं, त्यात टेम्प्लेट्स. आणि सर्चमधून थेट पानावर आलात तर उलटं, पान आहे पण ट्रीच गायब, आपण कुठे आहोत पत्ताच नाही.

आता या सगळ्यात खरा वेगळा विचार कुठे झाला तर तो रॅशनल या सॉफ्टवेअर कंपनीकडे, असं माझं मत आहे. स्वीडनमध्ये एरिक्सनमधून बाहेर पडून इव्हार जेकबसन यांनी १९८७ मध्ये कंपनी काढली, त्यांच्या सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतीचं नाव ऑब्जेक्टरी. १९९५ ला रॅशनलने ती कंपनी घेतली आणि १९९८ पासून ती प्रोसेस रॅशनल युनिफाइड प्रोसेस, आरयूपी, या नावाने विकायला लागली. विकायची वस्तू काय होती? एक वेबसाइट, सीडीवर दिलेली. रॅशनलच्या फिलिप क्रुख्टेन यांच्या टीमने प्रोसेसचे तुकडे केले होते: कोण करतो, काय करतो, त्यातून काय तयार होतं. रोल, अॅक्टिव्हिटी, आर्टिफॅक्ट. रोलला आधी वर्कर म्हणायचे, नंतर नाव बदललं. होमपेजवर तो प्रसिद्ध चार्ट, आडव्या बाजूला चार फेज, उभ्या बाजूला नऊ डिसिप्लिन (कामाचे प्रकार, जसं टेस्ट), आणि मध्ये बैलाच्या वशिंडासारखे फुगवटे, कुठल्या काळात कुठलं काम जास्त ते दाखवणारे. त्या चार्टवर क्लिक करून आत जाता यायचं. म्हणजे एकाच पानाकडे फेजकडूनही वाट, डिसिप्लिनकडूनही वाट, आणि डावीकडच्या ट्रीमधून रोलकडूनही वाट. हे बाइंडरला कधीच जमलं नसतं.

(तो ट्री जावा अॅपलेट होता. साइट उघडली की डावीकडे राखाडी चौकोन, आणि आपण चहा घेऊन यायचं.)

इथे मला रंगनाथन आठवतात, मद्रास विद्यापीठाच्या लायब्ररीचे एस. आर. रंगनाथन. लंडनच्या दुकानात मेकॅनो खेळणं बघून त्यांना सुचलं की विषयाला आधीपासून ठरलेल्या एका खणात कोंबण्यापेक्षा त्याचे पैलू वेगळे करावेत आणि हवे तसे जोडावेत, त्यातून १९३३ चं कोलन क्लासिफिकेशन झालं. पुस्तक शेवटी एकाच फळीवर राहतं, त्याला इलाज नाही, पण विषयाला बाजू अनेक असतात. टेस्ट प्लॅनचंही तेच की हो. तो टेस्टरचा आहे, टेस्ट डिसिप्लिनमधला आहे, अमुक फेजमध्ये लागतो, आणि ऑडिटरसाठी तो एका क्लॉजचा पुरावा आहे. चारही खरं.

आरयूपीत पैलू होते पण ट्री मुख्यतः रॅशनलने दिलेलाच. २००३ च्या सुमारास मायआरयूपी म्हणून प्रकार आला, त्यात आपापला व्ह्यू, म्हणजे आपल्या सोयीचा ट्री, करता यायचा. त्याच वर्षी आयबीएमने रॅशनल घेतली, आणि मग २००६ मध्ये त्याच घराण्यातून एक्लिप्स प्रोसेस फ्रेमवर्क, ईपीएफ, ओपन सोर्स म्हणून बाहेर आलं, सोबत ओपनयूपी ही लहान प्रोसेस. ईपीएफ कंपोझरमध्ये, म्हणजे प्रोसेस लिहून तिची साइट पब्लिश करायच्या टूलमध्ये, नेव्हिगेशन ही वेगळीच वस्तू झाली. टास्क, रोल, वर्क प्रॉडक्ट एकदाच लिहायचे, ते लायब्ररीत राहतात. ट्री बनवायचा तो कस्टम कॅटेगरी नावाच्या डब्यांमधून, डब्यात डबे आणि आत पानांचे नुसते संदर्भ. कॉन्फिगरेशनमध्ये सांगायचं की या या कॅटेगरी म्हणजे व्ह्यू, यातला हा डिफॉल्ट, आणि पब्लिश केलं की प्रत्येक व्ह्यूचा डावीकडे एकेक टॅब. तेच पान तीन ट्रीमध्ये, कॉपी न करता. शिवाय एका प्लगइनमधली (लायब्ररीचा सुटा भाग) कॅटेगरी दुसऱ्या प्लगइनमधून वाढवता येते, म्हणून जाणते लोक नेव्हिगेशनचं प्लगइनच वेगळं ठेवतात, मजकुराला धक्का नको.

अर्थात यातून नवीन डोकेदुखी आली. पान तीन ठिकाणी असेल तर वरची ब्रेडक्रम, म्हणजे पानापर्यंतची वाट दाखवणारी ओळ, कुठली दाखवायची? आलात त्या वाटेची, की पानाच्या मूळ घराची? सर्चमधून आलेल्याला वाटच नसते. यावर वाद घालण्यात आम्ही दोन मीटिंगा घालवल्या आणि शेवटी डिफॉल्ट व्ह्यूची वाट दाखवायची असं ठरवून उठलो. दुसरा त्रास हा की टॅब फुकट मिळतात म्हणून सगळेच मागतात. आमच्याकडे एकदा सात टॅब झाले होते, त्यातला एक फक्त एका डिलिव्हरी हेडसाठी, जे साइट उघडायचेच नाहीत.

२००९ मध्ये आम्ही सातचे तीन केले. पानांची नावं चिठ्ठ्यांवर लिहिली आणि टेस्टर, डेव्हलपर, लीड यांना टेबलावर ढीग लावायला सांगितलं. फेजप्रमाणे कुणीच लावलं नाही. टेस्टरनी जवळपास सगळं दोन ढिगांत टाकलं, बिल्ड (टेस्टिंगला दिलेलं सॉफ्टवेअर) यायच्या आधीचं आणि बिल्ड आल्यानंतरचं, आणि चिठ्ठीवर स्वतःच्या अक्षरात नावही तेच लिहिलं. तो झाला पहिला टॅब, डिफॉल्ट. दुसरा रोलप्रमाणे. क्लॉजचा ट्री काढून टाकायला आमच्यातले काही टपलेलेच होते, पण ऑडिट टाळता येत नाही, म्हणून तो तिसरा राहिला.

२०१५ ला आयएसओने परत नंबर बदलले, डॉक्युमेंट कंट्रोल ७.५ मध्ये गेला, इंटर्नल ऑडिट ९.२ ला. तिसऱ्या टॅबची प्लगइन एका दुपारी बदलून झाली. खालच्या एकाही पानाला हात लावावा लागला नाही, आणि टेस्टरना तर काही बदललंय हे कळलंही नाही.