पंचहौदाचा चहा आणि त्यामागचा धर्मप्रांत : मुंबई डायोसिसची पार्श्वभूमी

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले आणि ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि पुण्यातली बरीच नामवंत मंडळी तिथे होती. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली. मिशनऱ्यांकडचा चहा घेतला म्हणून पुढे ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, झाले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, टिळकांनी आपण काशीला घेतल्याचे सांगितले. ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. पण ज्यांच्या घरी हा चहा झाला ते मिशनरी कोण होते आणि त्यांच्यावर कोणाची सत्ता चालत होती, हे फारसे सांगितले जात नाही. पंचहौदची मंडळी अँग्लिकन होती, म्हणजे इंग्लंडच्या राजधर्माची, आणि मुंबईच्या बिशपांच्या अधिकाराखाली होती. महाराष्ट्रातल्या मराठी ख्रिस्ती समाजाचा एक मोठा धागा या धर्मप्रांतातून आलेला आहे. त्याची घडण समजली नाही, तर हा समाज आजही परका वाटत राहतो. आमच्या शाळेच्या पुस्तकांत तो तसाच वाटायचा.

आधी एक घोळ दूर करायला हवा. वसई किंवा वांद्र्याच्या कॅथलिक चर्चशी या धर्मप्रांताचा संबंध नाही. ती परंपरा पोर्तुगीजांची आणि रोमच्या पोपला मानणारी. इंग्लंडचे चर्च सोळाव्या शतकात रोमपासून तुटले आणि तिथला राजा चर्चचा प्रमुख झाला. बिशप, प्रीस्ट आणि डीकन ही तीन पदे त्यांनी ठेवली, मात्र उपासना लोकांच्या भाषेत आणली. एका बिशपच्या देखरेखीखालचा मुलूख म्हणजे डायोसिस, मराठीत धर्मप्रांत. ज्या चर्चमध्ये बिशपचे आसन असते ते कॅथेड्रल. चर्च केवढे मोठे आहे याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही.

मुंबईत मात्र बिशप येण्याआधी सव्वाशे-दीडशे वर्षे चर्चची गोष्ट चालू होती. १६६८ मध्ये बेट ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आले. गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने किल्ल्याच्या आत चर्चचा पाया घातला. भिंती पुरुष-दोन पुरुष उंच झाल्या आणि काम थांबले, ते चाळीसेक वर्षे थांबलेलेच राहिले. १७१५ च्या सुमारास रिचर्ड कॉब या कंपनीच्या पाद्र्याने ते अंगावर घेतले आणि १७१८ च्या नाताळात सेंट थॉमस चर्च उघडले. त्या दिवशी रामा कामती हा मुंबईतला बडा असामी आपल्या लोकांना घेऊन आला होता आणि उपासना संपेपर्यंत थांबला होता, असे कॉबने लिहून ठेवले आहे. पुढे दोनच वर्षांत कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून त्याच रामा कामतीला इंग्रजांनी तुरुंगात टाकले. चर्चकडे जाणारा किल्ल्याचा दरवाजा तो चर्चगेट. दरवाजा पाडून दीडशे वर्षे झाली, नाव आजही लोकलच्या पाटीवर आहे.

या काळातला पाद्री हा कंपनीचा पगारी नोकर होता. गोऱ्या अधिकाऱ्यांची लग्ने लावायची, मुलांना बाप्तिस्मा द्यायचा, तापाने गेलेल्या शिपायांना पुरायचे, हे त्याचे काम. एतद्देशीय लोकांत धर्मप्रसार कंपनीला नकोच होता, त्याने व्यापार बिघडेल अशी तिला धास्ती होती. १८१३ च्या सनदी कायद्याने चित्र बदलले. पार्लमेंटने हिंदुस्थानसाठी कलकत्त्यात एक बिशप आणि तिन्ही इलाख्यांत एकेक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा कारभारी पाद्री, नेमायचे ठरवले. बिशपला वर्षाला ५,००० पौंड, आर्चडीकनला २,०००, आणि हा सगळा पैसा कंपनीच्या महसुलातून, म्हणजे इथल्या रयतेच्या खिशातून. हा मुद्दा नजरेआड करता येत नाही, कारण पुढचा सव्वाशे वर्षांचा तिढा इथूनच सुरू होतो.

पहिला बिशप थॉमस मिडलटन १८१४ च्या अखेरीस कलकत्त्यास पोहोचला. त्याने १८१६ मध्ये मुंबईला येऊन सेंट थॉमस चर्चचे विधिपूर्वक समर्पण केले. चर्च उघडून तोवर ९८ वर्षे झाली होती. मुंबईचा पहिला आर्चडीकन जॉर्ज बार्न्स याने १८१५ मध्ये गरीब युरोपीय मुलांच्या शिक्षणासाठी संस्था काढली. देवळालीची बार्न्स शाळा त्याच झाडाची फांदी. दुसरा बिशप रेजिनल्ड हेबर १८२५ मध्ये मुंबई-पुण्यास आला आणि त्याने पुण्याच्या लष्करातल्या सेंट मेरीज चर्चचे समर्पण केले. हिंदी माणसाला पाद्रीपदाची दीक्षा देण्याचा अधिकार मिडलटनकडे नव्हता. हेबरने तो मिळवून वापरला. पण वर्षभरात, एप्रिल १८२६ मध्ये, तो त्रिचनापल्लीला वारला. एका बिशपाच्या वाट्याला किती मुलूख होता म्हणाल, तर १८२४ नंतर ऑस्ट्रेलियाचे न्यू साउथ वेल्ससुद्धा कलकत्त्याच्याच धर्मप्रांतात मोडत होते. मिडलटननंतरचे तीन बिशप मिळून दहा वर्षेही टिकले नाहीत.

म्हणून १८३३ च्या सनदी कायद्याने मद्रास आणि मुंबईला स्वतंत्र बिशप देऊ केले. वेतन २४,००० सिक्का रुपये. मद्रासचा धर्मप्रांत १८३५ मध्ये झाला, मुंबईचा १८३७ मध्ये. मुंबईत आधी आर्चडीकन असलेला थॉमस कार पहिला बिशप झाला आणि सेंट थॉमस चर्चचे कॅथेड्रल झाले. धर्मप्रांताच्या सीमा कोणी आखल्या? कोणीच नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारी नकाशावरच धर्मप्रांत बसवला गेला. गुजरात, कोकण, देश, खानदेश, कर्नाटकाचा उत्तर भाग, सगळे एका बिशपाकडे. एका टोकाला गुजराती बोलणारे, दुसऱ्या टोकाला कन्नड. छावणी तिथे चर्च, चर्च तिथे सरकारी चॅपलेन, म्हणजे सरकारी पगारावरचा पाद्री. कुलाब्याचे अफगाण चर्च पाहिले की या काळाचा स्वभाव कळतो. पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्या सैनिकांचे ते स्मारक. दुसरे बिशप जॉन हार्डिंग यांनी १८५८ मध्ये त्याचे समर्पण केले.

याच धर्मप्रांताच्या पोटात दुसरे एक चर्च वाढत होते, त्याला सरकारी पगार नव्हता. चर्च मिशनरी सोसायटीची माणसे १८२० मध्ये मुंबईत आणि १८३२ पासून नाशकात काम करू लागली. नाशिकजवळ विल्यम प्राइस याने १८५० च्या दशकात शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. नाशिककरांना शरणपूर रोड ठाऊक आहे, त्या नावामागचे शरण कोणाचे हे बहुधा नाही. ब्रिटिश आरमाराने गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे आणली जात. त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवले जाई. १८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीसाठी इथली काही मुले घेऊन गेला. १८७३ मध्ये तो आफ्रिकेत मेला, तेव्हा त्याचा देह शेकडो कोस वाहून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशकात शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. लगेच पुढे प्राइस मोंबासाजवळ सुटका झालेल्या गुलामांची वसाहत उभारायला गेला आणि शरणपूरची बरीच मंडळी तिकडे गेली. गोदावरीकाठचा हा धागा पूर्व आफ्रिकेच्या चर्चच्या इतिहासात आदराने सांगितला जातो. आपल्याकडेही तो तितकाच सांगितला जायला हवा.

केपटाउनहून आलेले बिशप हेन्री डग्लस १८६९ मध्ये गादीवर बसले आणि वळण बदलले. त्यांच्या कारकिर्दीत ऑक्सफर्डजवळच्या काउली गावचे संन्यस्त पाद्री १८७४ मध्ये मुंबई-पुण्यास आले. पुढचे बिशप लुई माइल्न १८७६ पासून १८९७ पर्यंत होते. हे सगळे उच्च अँग्लिकन वळणाचे. विधी, धूप, व्रतस्थ जीवन यांवर त्यांची श्रद्धा. पंचहौदची मिशन याच काउली फादरांची आणि इंग्लंडातल्या वाँटेजच्या सिस्टरांची, म्हणजे मठातल्या व्रतस्थ स्त्रियांची. तिथले पवित्र नाम देवालय आणि त्याचा वेगळा उभा घंटामनोरा आजही गुरुवार पेठेत दिसतो. नीळकंठशास्त्री गोरे, ख्रिस्ती झाल्यावरचे नेहेमिया गोरे, या शास्त्रीबुवांना काउलीच्या मठाची ओढ लागली होती. १८७० मध्ये ते प्रीस्ट झाले आणि १८९५ मध्ये मुंबईत वारले. त्यांच्या लिखाणाचा पंडिता रमाबाईंवर खोल परिणाम झाला. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांकडेच बाप्तिस्मा घेतला.

पण रमाबाई कोणाच्या छत्राखाली मुकाट राहणाऱ्या नव्हत्या. इंग्लंडातच चेल्टनहॅमला त्यांनी तरुण मुलांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा लाहोर आणि मुंबई इथल्या बिशपांनी हरकत घेतली. आपल्या वडिलांनी किंवा नवऱ्याने जी हरकत घेतली नाही ती या लोकांनी घ्यावी, याचे रमाबाईंना नवल वाटले आणि त्यांनी ते लिहून कळवले. बिशपाने सांगितले म्हणून मानायचे, हेही त्यांना पटले नाही. माझ्या मते या धर्मप्रांताच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा प्रसंग आहे. इथे एक मराठी बाई पहिल्यांदा विचारते की बिशपाचा अधिकार ख्रिस्ताचा की इंग्रजांचा?

हा प्रश्न खेड्यांतही उभा होता, फक्त तिथे तो वेगळ्या शब्दांत विचारला जात होता. अहमदनगर जिल्ह्यात १८७० च्या दशकापासून अँग्लिकनांच्या दुसऱ्या संस्थेने, सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल म्हणजे एसपीजीने, काम वाढवले. दुष्काळांच्या वर्षांत महार आणि मांग वस्त्यांतून माणसे मोठ्या संख्येने मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, आली. भाकरीसाठी आली असे म्हणून हात झटकणारे तेव्हाही होते, आजही आहेत. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हते, त्याच्या मुलाला शाळेत बाकावर बसायला मिळाले, याचे मोल त्याने स्वतः ठरवले. त्याच जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन कितीतरी आधीपासून होते. त्यामुळे एका गावचे ख्रिस्ती काँग्रिगेशनल, म्हणजे बिशप न मानता मंडळीनेच कारभार पाहणारे, शेजारच्या गावचे अँग्लिकन, आणि सोयरीक जुळवायची म्हटली की दोन्ही पाळकांना विचारा, अशी तऱ्हा झाली.

मराठी चर्च वाढत गेले तसा इलाख्याचा जुना नकाशा अपुरा पडू लागला. मध्य प्रांतासाठी नागपूरचा धर्मप्रांत १९०३ मध्ये झाला. १९०८ ते १९२९ या काळातले बिशप एडविन पामर यांनी मूळ दुखण्यालाच हात घातला. इथल्या चर्चचा कारभार इंग्लंडच्या कायद्याने आणि सरकारी नेमणुकांनी चालतो तोवर ते इथले होणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. नव्या घटनेच्या आखणीत त्यांचा वाटा मोठा आहे. १९२७ मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि १ मार्च १९३० पासून भारत, ब्रह्मदेश व सिलोनचे चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झाले. कलकत्त्याचे बिशप मेट्रोपॉलिटन, म्हणजे साऱ्या प्रांताचे प्रमुख, राहिले. बिशप, दीक्षित सेवक आणि सर्वसामान्य सभासद असे तिघे मिळून निर्णय घेऊ लागले. बिशपाची निवड धर्मप्रांताच्या कौन्सिलकडे आली. खेड्यातल्या मंडळीचा प्रतिनिधी बिशपाच्या निवडीत मत देतो, ही गोष्ट १८३७ च्या मुंबईत कोणाच्या स्वप्नातही आली नसती.

त्याच्या आदल्या वर्षी, १९२९ मध्ये, नाशिकचा धर्मप्रांत मुंबईतून वेगळा निघाला. पहिले बिशप फिलिप लॉइड हे नगर जिल्ह्यात मिरीला काम केलेले. त्याच मिरीत १९२२ मध्ये जॅक विन्स्लो यांनी ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम सुरू केला होता. तो पुढे पुण्यात आला आणि १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन हे इंग्रज पाद्री त्यात दाखल झाले. एल्विन गांधीजींच्या जवळ गेले, नंतर गोंडांत राहायला गेले, तेव्हा नागपूरच्या बिशपांनी सरकारनिष्ठेची शपथ मागितली. एल्विननी ती नाकारली. कायदा स्वतंत्र झाला तरी मने इतक्या लवकर झाली नव्हती. याच आश्रमातले विल्यम लॅश मात्र १९४७ मध्ये मुंबईचे बिशप झाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारी चॅपलेनांची यंत्रणा संपली. चर्चच्या नावात पाकिस्तान जोडले गेले. १९५० मध्ये अरविंदनाथ मुखर्जी हे पहिले भारतीय मेट्रोपॉलिटन झाले. मुंबईच्या गादीवर मात्र कारपासून १९७० पर्यंत एकही भारतीय अँग्लिकन बिशप आला नाही. इतक्या मोठ्या मराठी मंडळीसाठी ही उणीवच म्हटली पाहिजे.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात उत्तर भारत चर्च, म्हणजे सीएनआय, स्थापन झाले. अँग्लिकन, शिवाय काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मिळून आधीच झालेले युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, मेथॉडिस्टांची एक शाखा, ब्रदरेन आणि डिसायपल्स, अशा सहा परंपरा एकत्र आल्या. बिशप ठेवायचे, पण मंडळीच्या सभेचा अधिकारही ठेवायचा, ही त्यातली देवाणघेवाण. आता स्थानिक पातळीवर पॅस्टोरेट, म्हणजे पाळकाच्या देखरेखीखालची मंडळी, आणि त्याची निवडलेली कमिटी असते, वर धर्मप्रांताचे कौन्सिल, सर्वांत वर सिनॉड, म्हणजे साऱ्या चर्चची प्रतिनिधी सभा, आणि तिचा मॉडरेटर, म्हणजे अध्यक्ष. जगभरच्या अँग्लिकन परिवारातही हे चर्च सामील आहे. मुंबईखेरीज पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर असे धर्मप्रांत महाराष्ट्रात आज वेगवेगळे आहेत, आणि नगरच्या त्या दोन शेजारगावांतल्या सोयरिकीला आता दोन वेगळ्या चर्चची परवानगी लागत नाही.