प्लाय मारणे : फुटलेल्या खिडक्या-दारांची तातडीची बंदिस्ती

वादळ, स्फोट, आग, चोरी, दंगल, कशानेही घराची किंवा दुकानाची खिडकी नाहीतर दार फुटलं की नवी काच किंवा नवं दार बसेपर्यंत ते भोक प्लायवूड, पत्रा, फळ्या नाहीतर ताडपत्रीने बंद करतात, ते हे काम. आपल्याकडे लोक सरळ "प्लाय मारून घे" किंवा "पत्रा ठोक" म्हणतात. अमेरिका-इंग्लंडमध्ये याला बोर्डिंग-अप म्हणतात आणि तिथे तो चोवीस तास चालणारा वेगळा धंदाच आहे, फोन केला की मध्यरात्रीसुद्धा काचवाले आणि कुलूपवाले व्हॅनमध्ये प्लाय टाकून येतात. वादळ येणार हे आधी कळलं तर काच फुटायच्या आधीच बाहेरून प्लाय लावतात, तेही याच कामात धरलं जातं.

काम किरकोळ वाटतं पण यावर बऱ्याच गोष्टी अवलंबून असतात, आणि सगळ्यात आधी घराचं छप्पर.

खिडकी फुटली की छप्पर का जातं

वारा घरावर आपटतो तेव्हा समोरच्या भिंतीवर दाब येतो आणि छपरावरून व मागच्या बाजूने तो ओढत जातो, म्हणजे छप्पर आधीच वर खेचलं जात असतं. अशात वाऱ्याकडची एक मोठी खिडकी फुटली की हवा आत घुसते, तिला बाहेर पडायला तेवढी जागा मिळत नाही आणि ती आतून छपराला ढकलायला लागते, वरून ओढ आणि खालून रेटा असं दोन्ही एकदम झालं की वासे भिंतीपासून सुटतात. २४ ऑगस्ट १९९२ ला अँड्र्यू हे चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडात होमस्टेडच्या आसपास घुसलं तेव्हा हजारो घरांचं जे झालं त्यात ही गोष्ट फार ठळकपणे दिसली. घरं नुसत्या वाऱ्याने पडली नव्हती, आधी खिडक्या, गॅरेजची दारं आणि सरकती दारं गेली आणि मग छपरं उडाली.

त्यानंतर तिथले बांधकामाचे नियम पार बदलले. मायामी-डेड आणि ब्रॉवर्ड या दोन काउंटींमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) खिडकी किंवा तिच्यावरचं शटर पास व्हायचं असेल तर साधारण ४ किलो वजनाचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने त्याच्यावर टोकाकडून मारतात आणि ते त्यातून तरावं लागतं, वादळात उडत येणारं लाकूड असंच येऊन आदळतं म्हणून. पूर्ण राज्याला एकच फ्लोरिडा बिल्डिंग कोड १ मार्च २००२ पासून लागू झाला. आता नव्या घरांना मजबूत काच किंवा कायमची शटर्स असतात, पण जुन्या घरांत राहणारे अजूनही वादळाचा इशारा आला की प्लायवूडच्या रांगेत उभे असतात आणि त्यात टॅम्पा-मायामीकडची मराठी घरंही आली.

कोकणातल्या घरात गणित थोडं वेगळं आहे. कौलारू किंवा पत्र्याच्या घरात पागोळीखालून वारा तसाही आत शिरतो, त्यामुळे नुसती खिडकी बंद करून छप्पर वाचेल याची खात्री नाही, पत्रा धरून ठेवणारे जे-हुक (आकडे) आणि छपराच्या कोपऱ्यातले कोनवासे आधी बघावे लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटर होता, श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात पत्रे उडाले, कौलं फुटली, माड-पोफळी आडव्या झाल्या. त्यात लॉकडाऊन, वीज नाही, आणि पाऊस डोक्यावर. पत्रे आणि ताडपत्री मिळवायला लोकांची वणवण झाली आणि ज्याच्याकडे जुन्या ताडपत्र्या होत्या त्याने शेजाऱ्यालाही दिल्या. इथे बंदिस्ती हे चोरापासून वाचण्याचं काम नव्हतं, धान्य, गाद्या आणि पोरांची वह्या-पुस्तकं कोरडी ठेवायचं होतं.

वाऱ्याच्या जोराचा हिशोब

ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब साधारण दर चौरस मीटरला ६८ किलो भरतो. प्लायची अख्खी शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे जवळपास ३ चौरस मीटर, तेव्हा तिच्यावर २०० किलोचा भार येतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, त्यामुळे २४० किलोमीटरच्या वादळात त्याच शीटवर ८०० किलो. हे डोळ्यासमोर ठेवलं की चार खिळ्यांवर मारलेला प्लाय का टिकत नाही ते समजतं, आणि सुटलेली शीट स्वतःच रस्त्यावर उडत जाऊन दुसऱ्याच्या काचेवर किंवा माणसावर आदळते. अर्धवट मारलेला प्लाय धोकादायकच, मारायचा तर नीट मारावा, हे माझं ठाम मत आहे.

कसा मारतात

आधी काच काढायची. जाड चामडी हातमोजे, बूट, चष्मा, आणि सुरुवात वरून करायची, कारण चौकटीच्या वरच्या खाचेत अडकलेला तुकडा खाली हात घातला की मनगटावर पडतो. साधी काच लांब सुऱ्यांसारखी फुटते, टफन्ड काच बारीक खड्यांसारखी सांडते, आणि लॅमिनेटेड काच तडकली तरी मधल्या फिल्मला चिकटून राहते, त्यामुळे लॅमिनेटेड तडकली असेल आणि जागेवर पक्की असेल तर ती काढायची घाई नको, तिच्यावरूनच प्लाय लावता येतो. गोळा केलेली काच गोणीत किंवा जाड पुठ्ठ्यात गुंडाळून वर मोठ्या अक्षरात "काच" लिहून द्यावी, कचरा वेगळा करणाऱ्या बायका तो हातानेच उपसतात.

काच काढायच्या आधी मात्र फोटो. आतून, बाहेरून, लांबून, जवळून, कारण प्लाय लागला की नुकसान झाकलं जातं आणि मग विम्याच्या सर्व्हेअरला किंवा पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला दाखवायला काही राहत नाही. विमा कंपन्यांची साधारण अट अशी असते की पुढचं नुकसान टाळायचे वाजवी प्रयत्न मालकाने करायचे, म्हणजे पंचनामा होईपर्यंत खिडकी उघडी ठेवून घरात पाणी येऊ द्यायचं असा त्याचा अर्थ नाही. प्लायचं आणि सुताराचं बिल जपून ठेवायचं.

आता माल. पावसात टिकायला बाहेरच्या वापराचा प्लाय लागतो, आपल्याकडे आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन किंवा आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) ग्रेडचा, आणि काहीच नाही मिळालं तर सेंटरिंगवाल्याकडचा १२ एमएमचा शटरिंग प्लाय, तो चांगलं काम देतो. भुशाचा पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाणी पिऊन फुगतात आणि स्क्रूच्या भोकाशी फाटतात, स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत. चोरीनंतर दोन दिवसांसाठी १२ एमएम पुरतो, चक्रीवादळासाठी अमेरिकेत ५/८ इंच, म्हणजे १६ एमएमच्या आसपास सांगतात. १२ एमएमची अख्खी शीट २२-२५ किलोची असते, वारा सुटलेला असताना शिडीवर चढून एकट्याने ती धरू नये.

शीट भोकापेक्षा चारही बाजूंनी ४ इंच मोठी कापायची, कडेपासून थोडं आत दर फुटाला एक भोक आधीच पाडून घ्यायचं आणि भिंतीत ड्रिल मारून फास्टनर, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारे अँकर, बसवायचे, स्क्रूखाली रुंद वॉशर, नाहीतर वाऱ्याच्या झटक्यात स्क्रू भिंतीत राहतो आणि प्लाय त्याच्या डोक्यावरून निघून येतो. स्क्रू प्लास्टरमध्ये नाही, आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये दोनेक इंच तरी जायला हवा. चिऱ्याच्या भिंतीत काठाजवळ फास्टनर धरत नाही, दगड कुरतडला जातो, तिथे जुनी सागवानी चौकट शाबूत असेल तर तिलाच धरावं. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला मात्र काही लटकवू नये, तो पातळ असतो आणि वाकतो.

शक्यतो बाहेरून लावावा. बाहेरून लावला की समोरचा वारा शीटला भिंतीवर दाबतो, आतून लावला तर सगळा भार नुसत्या स्क्रूवर. पण सातव्या मजल्यावर बाहेर कोण जाणार? मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये ग्रिल असतं ते इथे कामी येतं. प्लाय ग्रिलला आतून टेकवायचा, ग्रिलच्या सळीच्या दोन्ही बाजूंना जोडीने भोकं पाडायची, बाइंडिंग वायर एका भोकातून घालून सळीला वेढा देऊन दुसऱ्यातून आत घ्यायची आणि पक्कडीने पिळायची, असे आठ-दहा टाके घातले की शीट हलत नाही, आणि काढायची वेळ आली तर वायर कापायला एक मिनिट लागतं. वरची आणि बाजूची फट सिलिकॉन किंवा चिकटपट्टीने बंद करायची पण खालची थोडी मोकळी सोडायची, आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं.

दाराची गोष्ट वेगळी आहे कारण त्यातून माणसं ये-जा करतात. चोराने लाथ मारून चौकट फोडली असेल तर तुटलेल्या पल्ल्यावर प्लाय मारून तोच परत बिजागरीला लावतात, चौकटीच्या फुटलेल्या जागी लोखंडी पट्टी मारून त्यावर कडी-कोयंडा बसवतात. घरातून बाहेर पडायची एकुलती एक वाट कधीही बाहेरून ठोकून बंद करायची नाही, आत म्हातारी माणसं असतील तर अजिबात नाही. आणि सगळ्या खिडक्या प्लायने बंद असताना घरात किंवा गॅलरीत जनरेटर लावायचा नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसं मारतो, अमेरिकेत वादळ गेल्यावर दर वेळी असे मृत्यू होतात.

काचेवर फुली मारणे

वादळ येणार म्हटलं की काचेवर चिकटपट्टीची मोठी फुली मारायची सवय जगभर आहे. १९७१ च्या युद्धात मुंबईत ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावले होते आणि काचांवर कागदाच्या पट्ट्याही चिकटवल्या होत्या, त्या पिढीच्या मनात ते पक्कं बसलंय. वादळात या फुलीने काच फुटायची थांबत नाही, उलट पट्टीला चिकटलेले मोठे धारदार तुकडे एकत्र उडतात, म्हणून अमेरिकेचं राष्ट्रीय हरिकेन केंद्र पट्टी लावू नका असंच सांगतं. पट्टी लावण्यात जाणारा तासभर प्लाय शोधण्यात घालवावा आणि प्लाय नाहीच मिळाला तर खिडक्या नसलेल्या आतल्या खोलीत जाऊन बसावं.

स्फोटानंतर

स्फोटात एका घराची नाही, अख्ख्या शहराची काच जाते. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं तेव्हा कित्येक किलोमीटर लांबच्या तावदानांचा चुरा झाला. ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला तेव्हाही तेच, आणि इतकी काच एकदम कुठून आणणार म्हणून लोकांनी खिडक्यांना प्लास्टिक ताणून लावलं. युक्रेनमध्ये २०२२ पासून खारकिव्हसारख्या शहरांत इमारतीच्या इमारती लाकडी बोर्डांनी झाकलेल्या दिसतात. तिथे बोर्डाबरोबर थंडीचाही प्रश्न असतो, उणे तापमानात खिडकी उघडी राहिली तर नळ गोठून फुटतात, त्यामुळे रॉकेट पडल्यावर त्याच दिवशी पालिकेची माणसं आणि स्वयंसेवक बोर्ड घेऊन पोचतात. नवी काच लगेच बसवावी की नाही हाही तिथे खरा प्रश्न आहे, कारण पुढच्या स्फोटात ती परत जाईल, आणि म्हणून लोक महिनोन्महिने दिवसाही लाइट लावून अंधाऱ्या घरात राहतात.

वादळातही शहराचं असं होतं. १६ मे २०२४ ला ह्यूस्टनमध्ये अचानक आलेल्या वादळाने डाउनटाउनच्या उंच इमारतींच्या काचा फोडल्या आणि त्या टॉवरांवर प्लायचे चौकोन कितीतरी महिने होते.

रिकामी घरं

मालक सोडून गेलेल्या घरांना अमेरिकेत वेगळ्या पद्धतीने बंद करतात, कारण तिथे शत्रू वारा नाही, आत घुसून आग लावणारी माणसं आहेत. खिडकीच्या आतून भोकापेक्षा लांब अशा दोन लाकडी पट्ट्या आडव्या धरतात, बाहेर प्लाय, आणि गोल गुळगुळीत डोक्याचे बोल्ट प्लायमधून आरपार त्या पट्ट्यांत घालून आतून नट आवळतात. बाहेरून पाना लावायला जागाच राहत नाही. पण प्लाय मारलेली घरं गल्लीत दिसली की सगळ्या गल्लीची किंमत पडते आणि इथे कोणी राहत नाही हे सगळ्यांना लांबूनच कळतं, म्हणून ओहायो राज्याने बँकेच्या जप्तीतल्या रिकाम्या घरांवर प्लाय लावायला बंदी घातली आणि त्याऐवजी पॉलिकार्बोनेट या कडक पारदर्शक प्लास्टिकची शीट वापरायला लावली. महाग आहे, पण आत उजेड जातो, पोलिसांना आतलं दिसतं, आणि घर घरासारखं राहतं. प्लायचा वेगळाच उपयोगही झालाय: २०२० मध्ये पोलिसांच्या हातून मेलेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मृत्यूनंतरच्या आंदोलनात दुकानांवर लागलेल्या प्लायवर मिनियापोलिसमध्ये चित्रकारांनी चित्रं काढली आणि त्यातले बरेच बोर्ड नंतर जपूनही ठेवले गेले.

काढताना

वादळ गेलं की प्लाय लवकर काढायचा, उजेड-हवा तर हवीच पण आग लागली तर अग्निशमन दलाला खिडकी मोकळी लागते. भिंतीतले फास्टनर तसेच राहू देऊन त्यांची तोंडं ग्रीस किंवा प्लगने बंद करतात. फ्लोरिडात प्रत्येक शीटवर मार्करने "किचन, डावी" असं लिहून वरची बाजू बाणाने दाखवतात आणि गॅरेजमध्ये उभ्या ठेवतात, कापलेल्या कडांना ऑइल पेंटचा हात दिला तर त्याच शीट बऱ्याच मोसमांना चालतात. आपल्याकडे कोकणात पावसाळ्याआधी माडाच्या झावळ्यांची झापं किंवा प्लास्टिक बांधून पडवी आणि मातीच्या भिंती झाकतातच, त्याच वेळी वाऱ्याच्या बाजूच्या दोन-तीन खिडक्यांची मापं घेऊन प्लाय कापून भोकं पाडून माळ्यावर ठेवला तर वादळाच्या आदल्या दिवशी फक्त पाना चालवायचं काम उरतं.